डाव्या दाराचा रंग

उत्तम,

तू गेल्याला आता दोन महिने होतील. पहिल्या महिन्याला वहिनींनी घरी वंदना ठेवली होती. भंतेजी आले, तुझ्या कॉलेजातली जुनी माणसं आली, गल्लीतले सगळे आले. एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलला. मलाही बोलायला लावलं. मी उभा राहिलो, तुझ्या फोटोकडे पाहिलं, "माझा मित्र फार चोख माणूस होता" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोक म्हणाले, दिवाकररावांना भरून आलं. भरून आलं होतं, ते खरं. पण बसलो त्याचं कारण वेगळं होतं. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी तयार होतं, आणि इतक्या माणसांत ते मला बोलवलं नाही.

म्हणून लिहायला बसलो. तू असतास तर म्हणाला असतास, "कागदावर तू कोनालेबी हरवशीन, बाबू." तू मला कायम बाबूच म्हणालास. मी सरकारी कचेरीतला कारकून, तू कॉलेजात रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक. देवळीहून वर्ध्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तू खिडकीशी, शेजारी मी, अशी आपली पंचवीस वर्षं गेली. तुझ्या बोटांना सदा कसला तरी आंबूस वास यायचा. पहिल्यांदा मी नाक मुरडलं तेव्हा तू हात पुढे करून म्हणालास, "वास हाये, पन मळ नाई. पाय." पाहिलं, खरंच नव्हता. तुझ्या परीक्षानळ्या पोरांना डोळे मिटून वापरता यायच्या, असं तुझे प्राध्यापकच वंदनेच्या दिवशी सांगत होते.

निवृत्त झाल्यावर बस सुटली आणि आपण दोघंही थोडे सैरभैर झालो. तुझी मुलगी हैदराबादेत, माझा मुलगा पुण्यात. गाडीची गरज दोघांनाही होती, आणि एकट्यासाठी गाडी दोघांनाही जड होती. "दोघांत एक घेऊ," तू म्हणालास. गल्लीतले हसले. जुनी, लहानशी, पांढरी गाडी आपण घेतली आणि ती तुझ्या अंगणातल्या टिनाच्या छपराखाली उभी राहू लागली. मी डॅशबोर्डवर ठेवायला छोटा गणपती आणला, तू त्याच दिवशी बुद्धमूर्ती आणलीस. दोघंही मूर्ती हातात घेऊन गाडीपाशी समोरासमोर आलो. "आता डॅशबोर्डचीबी वाटनी करता काय?" वहिनी म्हणाल्या. आपण हसलो आणि आपापली मूर्ती घरी घेऊन गेलो. तो डॅशबोर्ड अजून मोकळाच आहे.

गाडी चालायची छान, पण आतून तिची दशा झाली होती. आधीच्या मालकानं ती वर्षानुवर्षं उन्हात उभी केली असणार. दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, गिअरभोवतीची चौकट, काचा खालीवर करायच्या बटनांचा भाग, सगळं चिकट झालेलं. हात ठेवला की काळं लागायचं. मी म्हणालो, वर कव्हर चढवू. तुला ते पटेना. "झाकनं म्हंजे दुरुस्ती नाई," तू म्हणालास, आणि मागच्या मार्चमध्ये, ऊन चढायच्या आधीच्या दिवसांत, काम काढलंस.

ते दिवस मला लख्ख आठवतात. तू एकेक पट्टी न तोडता काढलीस. लोखंडाचा स्क्रूड्रायव्हर लावू दिला नाहीस, ओरखडे पडतात म्हणून. घरातलं प्लास्टिकचं उलथनं घेतलंस आणि वहिनींची बोलणी खाल्लीस. मग भांड्याच्या साबणानं, जुन्या दात घासायच्या ब्रशानं प्रत्येक सांद घासलीस. पुसलं, वाळवलं, पुन्हा धुतलं. मग पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासलंस, इतकं की गुळगुळीतपणा मरावा पण ओरखडा दिसू नये. "नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकवर रंग बसतच नाई, बाबू. त्याले धराले काईतरी लागते." शेवटी स्पिरिटनं पुसून पट्ट्या तू ओसरीतल्या बाजेवर ओळीनं मांडल्यास. उजव्या दारांच्या उजवीकडे, डाव्या दारांच्या डावीकडे.

"आता कोनी हात लावाचा नाई," तू म्हणालास. "बोटाचं तेलबी लागते. उद्या सकाळी अस्तर मारतो." आणि जेवायला आत गेलास.

मी ओसरीत एकटा राहिलो. उत्तम, हे आता मला लिहायचं आहे.

त्या तीन दिवसांत तू मला एकदाही काही करू दिलं नव्हतंस. पाणी आण, फडकं धर, बाजूला हो. गाडी माझीही होती. शिवाय घासलेल्या त्या पट्ट्या मला भयंकर दिसत होत्या. काळ्या होत्या त्या पांढुरक्या, राखाडी, मेल्यासारख्या झाल्या होत्या. मला वाटलं, यानं घासून घासून त्यांचा नाश केला. आदल्या दिवशी वर्ध्याच्या दुकानातून मी डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशची बाटली आणली होती. ती माझ्या पिशवीत होती. मी थोडं फडक्यावर घेतलं आणि डाव्या दाराच्या पट्टीवर फिरवलं. पट्टी क्षणात काळीभोर झाली. मला इतका आनंद झाला! मग डावीकडची दुसरीही केली. तिसरीकडे हात नेला तेवढ्यात आतून तुझ्या खाकरण्याचा आवाज आला. मी घाईघाईनं दोन्ही पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसल्या. चमक गेली. पट्ट्या पहिल्यासारख्या दिसू लागल्या. वाटलं, झालं, काही उरलं नाही.

त्या पॉलिशमध्ये तेलकट सिलिकोन असतं, ते पुसून जात नाही आणि त्यावर रंग धरत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तुला ते तोंडपाठ असणार. तू मला विचारायला हवं होतंस असं मी म्हणत नाही. मी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तू तोंडाला फडकं बांधून आधी रंगाखालचं अस्तर मारलंस, मग रंग. एकदम जाड नाही. पातळ फवारा, थांबणं, पुन्हा पातळ फवारा. डाव्या पट्ट्यांवर रंग ठिकठिकाणी मागे सरला. तेलकट तव्यावर पाणी पळतं तसा. तू खाली वाकून पाहिलंस.

"हे काऊन होऊन राह्यलं?" तू स्वतःशीच म्हणालास.

मी शेजारी उभा होतो.

"पानी राह्यलं असन कुठं," तू म्हणालास, पुसलंस, पुन्हा फवारलंस. तिसऱ्या हाताला रंग बसल्यासारखा दिसला. वर तू बिनचमकीचा पारदर्शक संरक्षक थर दिलास. मला चमक हवी होती, त्यावरून आपण भांडलो. "चमक दोन दिवसांची रायते," तू म्हणालास. मी म्हणालो, वाळला ना रंग, बसव आता पट्ट्या. तू आठ दिवस बसवू दिल्या नाहीस. "हाताले वायला म्हंजे आतून पक्का झाला असं नाई." ते आठ दिवस आपण गाडीशिवाय काढले आणि मंदा, माझी बायको, रोज विचारायची की रंग द्यायला घेतलाय की लग्न लावायला घेतलंय.

गाडी आतून नवी दिसायला लागली. पवनारला गेलो तेव्हा तू मुद्दाम दार उघडं ठेवून धाम नदीच्या काठी चहा पीत बसलास, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. याच दिवसांत एका खेड्यातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई तुझ्याकडे आल्या. शाळेला विज्ञानाचं सामान मिळालं होतं आणि लावून द्यायला माणूस नव्हता. शाळा सुरू झाली की येतो, असा शब्द तू त्यांना दिलास. वही घेऊन बसायचास, कुठलं कपाट कुठे, कुठली बाटली कोणत्या फळीवर. मी तुला निवृत्तीनंतर इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

जूनच्या शेवटी डाव्या पुढच्या दाराच्या पट्टीवर, जिथे माझं कोपर टेकायचं, तिथे एक फोड आला. नख लागलं तर पापुद्राच निघाला. आठवड्यात अख्खी पट्टी सोलल्यासारखी झाली, मागचीही. उजवीकडच्या सगळ्या जशाच्या तशा.

तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तू ओसरीत ती सोललेली पट्टी मांडीवर घेऊन बसलास.

"एकच डबा. एकच दिवस. एकच हात," तू म्हणालास. "मंग डावीकडचाच काऊन गेला?"

"जुनी गाडी हाये," मी म्हणालो. "सोडून दे न."

"नाई. उजव्या पट्ट्या मी आधी धुतल्या. डाव्या मागून. शेवटी शेवटी मी थकलो असन. कुठंतरी राह्यलं असन, अन् मले दिसलं नाई." मग म्हणालास, "असं माह्याकडून कधी झालं नाई, बाबू."

मी तेव्हा बोलू शकत होतो. ओसरीत आपण दोघंच होतो. मी काय विचार केला, सांगू? मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी इतका बारका हिशेब कोण करतो. आता सांगितलं तर उगाच आयुष्यभर ऐकवेल. दोन दिवसांनी विसरेल.

तू विसरला नाहीस. पुढच्याच आठवड्यात त्या बाई पुन्हा आल्या आणि तू त्यांना नाही म्हणालास. मी तिथेच बसलो होतो. "पोरायच्या हातात आम्ल जाते, बाई," तू म्हणालास. "तिथं चूक चालत नाई. आता माह्या हाताचा अन् डोयाचा मलेच भरोसा नाई." बाई म्हणाल्या, तुम्ही फक्त बसून सांगा. तरी नाही. त्या गेल्या. तू वही मिटून कपाटात ठेवलीस. एका पट्टीपायी! आणि मी, तुझ्या समोरच्या खुर्चीत, चहाची कपबशी खाली ठेवून म्हणालो, "बरं केलं. उगाच दगदग."

हे वाक्य मला झोपू देत नाही.

पोळ्यानंतर उघडीप मिळाली तेव्हा तू डाव्या पट्ट्या पुन्हा घेतल्यास. सगळा रंग खरवडून काढलास, तीनतीनदा धुतलंस. आणि या वेळी मला हाताशी घेतलंस. मला हवं होतं तेच, फक्त असं नको होतं. प्रत्येक वेळी पट्टी माझ्यासमोर धरून विचारायचास, "पाय बरं, बाबू. साफ झाली काय? तुले काई दिसते काय?" पंचवीस वर्षं ज्याच्या हातचं भांडं कोणी उजेडात धरून पाहिलं नाही, तो माणूस माझ्यासारख्याला विचारत होता. मी चष्मा सारखा करून बघायचो आणि म्हणायचो, "चांगली झाली." तू मान हलवायचास.

तो रंग टिकला. टिकणारच होता. पण तू त्याच्याकडे दारं उघडून पाहिलं नाहीस. "आता तू होता म्हनून जमलं," एवढंच म्हणालास.

दिवाळीला चार दिवस होते. सकाळी झाडांना पाणी घालता घालता तू पायरीवर बसलास तो उठेनास. वहिनींनी हाक मारली. मी धावत आलो, गाडी काढली. तुला मागे ठेवलं, डोकं वहिनींच्या मांडीवर. एरवी गाडी तूच चालवायचास, मी ब्रेक उशिरा दाबतो म्हणून. त्या दिवशी देवळी ते वर्धा मी कशी चालवली, कुठे ब्रेक दाबला, काहीच आठवत नाही. वहिनी मागून तुला सारखं म्हणत होत्या, "आलो बरं, आलोच आपन." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. वाटेत म्हणजे कुठे, हे शोधत तो रस्ता मी कितीदा मनात चाललो असेन. वाटेतलं सालोड येईपर्यंत होतास का? मी जरा जोरात नेली असती तर? पण विचार करता करता मी दरवेळी त्याच ठिकाणी येतो: तू तुझे हात बिघडले असं समजून गेलास.

वंदनेनंतर आठवड्यानं मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बाटलीपासून. त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या आणि टिनाखाली जाऊन गाडीचं डावं दार उघडलं. पट्टीवरून बोटं फिरवली.

"ते रातच्याले उठून बसत," त्या म्हणाल्या. "मले म्हनत, शकू, माह्यं काईतरी चुकून राह्यलं. मी डोये तपासून आनले त्यायचे. डॉक्टर म्हने, डोये ठीक हायेत. तरी त्यायले पटे नाई."

"वहिनी, मी..."

"तुमाले दिसत होतं न, भाऊजी? रोज येत होते तुमी. रोज चा पेत होते."

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

 लाज वाटली, हे उत्तर नव्हे. त्यांनी दार लावलं. हळूच लावलं, तू लावायचास तसं. "जा आता," त्या म्हणाल्या. मी गेलो. मंदाला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की त्या दिवशी मी जेवलो नाही.

पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी रोज सकाळी तुझ्या फाटकावरून जायचो, नजर खाली घालून. उत्तम, तुझं जाणं मला त्या पंधरा दिवसांत कळलं. बसमध्ये, ओसरीत, गाडीत, मी आजवर कुणाशी बोलत आलो तर तुझ्याशी. आणि जे एक तुला सांगायचं होतं, ते ऐकायला आता तू सोडून सगळे होते.

परवा वहिनींचा निरोप आला. गाडी घेऊन या. मी गेलो. त्या पांढरं लुगडं नेसून तयार होत्या, पुढे माझ्या शेजारी बसल्या. कोपर डाव्या पट्टीवर टेकलं. "कुठे जायचं?" मी विचारलं. त्यांनी त्या शाळेचं गाव सांगितलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. 

शाळेत मुख्याध्यापिका बाई आम्हाला पाहून गडबडल्या. खुर्च्या मागवल्या, तुझ्यासाठी हळहळल्या. कोपऱ्यात खोकी तशीच होती, काही उघडलेली, काही बांधलेली. वहिनी खुर्चीवर बसल्या नाहीत.

"बाई," त्या म्हणाल्या, "आमच्या यायनं तुमाले नाई म्हनलं होतं. का त्यायच्या हाताचा त्यायलेच भरोसा नाई."

"हो, पण ते ठीक आहे हो, त्यांची तब्येत..."

"तब्येत चांगली होती. हात चांगले होते. डोये चांगले होते. त्यायच्या हातून काईच चुकलं नोतं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "चुकलं होतं ते यायचं. यायनं सांगतलं नाई."

बाई आमच्या दोघांकडे पाहत राहिल्या. कुठली चूक, कसली चूक, त्यांना काही कळलं नव्हतं. दारात पोरं गोळा झाली होती. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. तिथून पुढचं मलाच बोलायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "माझंच चुकलं होतं. उत्तमचं नाही."

दोन वाक्यं, उत्तम. एवढंच होतं रे ते.